सरवा वेचणाऱ्या बायका

सुगी उरकते, कणसं खळ्यावर जातात आणि रानात इकडेतिकडे चार-दोन कणसं, थोड्या शेंगा मागे राहतात. त्याला आपण सरवा म्हणतो. सरवा वेचायला कुणी हौसेने जात नाही. जिच्या घरची कणगी भरलेली असते, ती बाई दुसऱ्याच्या रानात वाकत नाही. पहाटे उठून, पदर खोचून, धसकटांतून एकेक कणीस गोळा करणाऱ्या बाईच्या घरात काय परिस्थिती असेल, हे मराठवाड्यातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

बायबलमध्ये अशाच एका सरवा वेचणाऱ्या बाईची गोष्ट आहे. रूथ तिचं नाव. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलं घेऊन मवाब देशात जगायला गेली. तिथे आधी नवरा गेला. पुढे मुलांची लग्नं झाली आणि काही वर्षांत दोन्ही मुलगेही गेले. घरात उरल्या तीन विधवा, सासू आणि दोन सुना. नामीने सुनांना माहेरी परत जायला सांगितलं. एक गेली. दुसरी, म्हणजे रूथ, काही केल्या सासूला सोडेना. दोघी बेथलेहेमात आल्या, तेव्हा गावच्या बायकांना नामी ओळखूसुद्धा येईना. आपलं गोड अर्थाचं नाव तिला नकोसं झालं होतं. देवानेच माझं आयुष्य कडू केलं, अशी तिने चारचौघींत उघड तक्रार केली. आणि सून? ती दुसऱ्याच दिवसापासून सातूच्या रानात सरवा वेचायला निघाली.

या गोष्टीची एक गंमत आहे. तिच्यात एकही चमत्कार नाही. समुद्र दुभंगत नाही, आकाशातून आवाज येत नाही. सासू तक्रार करते, सून काम करते आणि दोघी एकमेकींना सोडत नाहीत. तरीही जगभरातल्या ख्रिस्ती बायका संकटात हीच गोष्ट काढून वाचतात.

‘संकटात श्रद्धा टिकवली’ असं आपण सहज म्हणून जातो. म्हणजे तिने नेमकं काय केलं? हसतमुखाने सगळं सोसलं? तोंडातून ब्र काढला नाही? बायकांच्या बाबतीत श्रद्धेचा अर्थ फार लवकर ‘सोसणं’ असा लावला जातो, मग धर्म कुठलाही असो. पण महाराष्ट्रातल्या ज्या ख्रिस्ती बायकांचं आयुष्य आपल्याला त्यांच्याच लिखाणातून माहीत आहे, त्यांनी श्रद्धा टिकवली ती अशी मुकाट सोसून नाही.

आपल्याच परिसरातली माणसं

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांना छावणीतलं ख्राइस्ट चर्च माहीत असतं, सेंट फ्रान्सिसची शाळा माहीत असते. नाताळात शेजारून आलेल्या करंज्या आणि केकही ठाऊक असतो. पण हा समाज इथे कसा रुजला आणि त्यासाठी त्याने काय किंमत मोजली, याची फारशी चर्चा होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि राज्य निजामाचं होतं तेव्हा, रेव्हरंड रतनजी नौरोजी यांनी इथे अनेक वर्षं काम केलं. ते जन्माने पारशी. शेजारच्या जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. ते जन्माने ब्राह्मण. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून १८४३ साली मुंबईत केवढं वादळ उठलं होतं! श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. कोर्टाने त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिलं आणि मग त्याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही, यावरून पंडितांचे तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली, तर त्यांनाही समाजाचा रोष पत्करावा लागला. एका कोवळ्या मुलाची ही कथा. धर्म बदलणं म्हणजे काय होतं, याची त्यावरून कल्पना यावी.

पण रतनजी आणि नारायण शेषाद्री ही शिकलीसवरलेली माणसं होती. १८९२ च्या सुमारास फ्रान्समधून आलेल्या कॅथलिक फादरांनी आपल्या जिल्ह्यातल्या घोगरगावी काम सुरू केलं. त्या पंचक्रोशीत जे ख्रिस्ती झाले, ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. गावकुसाबाहेरच्या या माणसांकडे गमावण्यासारखं होतंच काय, असं वाटेल. पण होतं. भावकी होती, गावकीतलं काम होतं, त्या कामाबद्दल मिळणारं धान्य होतं. धर्म बदलला की हे सगळं धोक्यात यायचं. आणि वर ‘बाटले’ हा शब्द चिकटायचा तो कायमचा. ‘पावडरच्या दुधासाठी बाटले’ हा टोमणा तर पिढ्यान् पिढ्या चालत आला. एखाद्या बाईने रोज रात्री लेकरांना जवळ घेऊन प्रार्थना केली, रविवार चुकवला नाही, तरी तिची श्रद्धा दुधाच्या डब्यात मोजायची! हा अपमान उपाशी राहण्यापेक्षा कमी नसतो.

किंमत तिथेच संपली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित मात्र बाहेरच राहिले. याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कायद्याची ही भाषा घरात आली की तिचा अर्थ साधा होतो. चुलत बहिणीला मिळणारी शिष्यवृत्ती हिला नाही. तिच्यासाठी असलेली राखीव जागा हिच्यासाठी नाही. गावाने जात विसरलेली नसते, कागदाने मात्र ती पुसलेली असते. आणि दुःखाची गोष्ट अशी, की चर्चच्या आतही जात पुरती पुसली गेली असं नाही. सोयरीक जुळवताना ती हळूच डोकं वर काढते.

अशा घरातल्या बायकांनी १९७२ चा दुष्काळही पाहिला. सरकारी कामावर खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. हे सगळं त्यांच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारणींच्या बरोबरीनेच. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पण मराठीत ज्या दोघींनी स्वतःचं दुःख आणि स्वतःची श्रद्धा लिहून ठेवली, त्यांच्याकडे पाहिलं की या अनाम बायकांचंही मन थोडं कळतं. त्या दोघी म्हणजे पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक.

रमाबाई : प्रश्न विचारणारी श्रद्धा

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लेकीला शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुराण सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब गावोगाव फिरायचं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात ते दक्षिणेत सापडलं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. सगळं काही महिन्यांच्या आत. रमाबाई तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास, दोघं बरेचदा पायी भटकत १८७८ मध्ये कोलकात्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेरचं लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवराही गेला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

पाच वर्षांत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा! यातल्या एका दुःखानेही माणूस मोडून पडतं. रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर करा, अशी मागणी केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे बरोबरीच्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात असलेली तेवढी एक आपली बाईही हरवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असेल, असं वाटतं ना? उलट इथूनच दुहेरी ओढाताण सुरू झाली. इकडे पुण्यात लोक संतापले. आणि तिकडे, ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या धर्मभगिनींशीही रमाबाईंचे खटके उडू लागले. का? तर रमाबाई प्रश्न विचारत होत्या. केवळ बिशप सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्त हा एकाच वेळी देव आणि माणूस कसा, यावर त्यांनी शिक्षिकांशी लांबलचक पत्रव्यवहार केला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, असा त्यांचा सवाल होता. मांस खायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी सूचना निघाली, तेव्हा बिशपांनी नाक मुरडलं. बाईच्या प्रतिष्ठेला ते शोभणार नाही म्हणे! भरसभेत शास्त्र्यांशी वाद केलेल्या बाईला हे ऐकावं लागलं.

ही पत्रं आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. ती वाचताना जाणवतं, की या बाईने श्रद्धा धरली, पण स्वतःची अक्कल कुणाकडे गहाण ठेवली नाही. संकटात असलेल्या बाईला आधार देणारे लोक अनेकदा आधाराच्या बदल्यात मुकाट होकार मागतात. रमाबाईंनी आधार घेतला, उपकार मानले आणि होकार मात्र स्वतःच्या मनाला विचारूनच दिला.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केलं जातंय अशी ओरड झाली. रानडे, भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. संस्था बंद पडायची वेळ आली. रमाबाई खचल्या नाहीत. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतः दुष्काळात होरपळलेली ही बाई तिथे गेली आणि तिथल्या शेकडो निराधार मुलींना घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तशी त्यांनी दौंडजवळ केडगावला मुलींसाठी झोपड्या आणि तंबू उभे केले. तेच मुक्ती मिशन. १९०० पर्यंत तिथे जवळजवळ दोन हजार मुली आणि बायका होत्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. अंध मुलींसाठी सोय होती, म्हाताऱ्यांसाठी होती, फसवल्या गेलेल्या बायकांसाठीही होती.

ज्या बाईला भुकेत सोबत कुणी उरलं नव्हतं, तिने भुकेल्या मुलींची एवढी मोठी पंगत मांडली. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं का? तिच्या लिखाणात तसं उत्तर कुठे दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की प्रश्न मनात ठेवूनही हात चालू राहिले.

शेवटचा घाव तर आणखीच मोठा. मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या होत्या. १९१३ मध्ये त्यांनी निजामाच्याच राज्यात, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली होती. आपल्यामागे मुक्तीचं काम त्या बघतील असं सगळ्यांनी धरलं होतं. १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीतच, मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंना तोवर ऐकू येणं खूप कमी झालं होतं, प्रकृती ढासळली होती. बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. भाषांतराचं ते काम त्यांनी लेक गेल्यावरही सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या छापखान्यातल्या बायकांनी खिळे जुळवले आणि १९२४ मध्ये ते बायबल पूर्ण छापून बाहेर पडलं.

लक्ष्मीबाई : हसत हसत सांगितलेलं रडं

रमाबाई विदुषी होत्या. आपल्यासारखीला त्या थोड्या लांबच्या वाटतात. लक्ष्मीबाई टिळक मात्र अगदी आपल्या माजघरातल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे पटेल. विजया मेहतांनी त्यावर केलेला दूरदर्शनचा चित्रपटही काहींना आठवत असेल.

१८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्म. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. शाळा नाही. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, हुशार, प्रेमळ आणि कमालीचा लहरी. रेव्हरंड नारायण वामन टिळक केव्हा घर सोडून जातील आणि केव्हा परत येतील, याचा नेम नसे. काही मुलं लहानपणीच गेली. दत्तू वाचला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारून नाही. ही बातमी कळल्यावर लक्ष्मीबाईंची जी अवस्था झाली, ती त्यांनी स्वतःच लिहिली आहे. नवरा जिवंत, पण संसार संपलेला. ना सधवा, ना विधवा! लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी चार-पाच वर्षं काढली. त्या काळातल्या त्यांच्या निष्ठेचा कस ख्रिस्ती धर्मावर नव्हे, तर आपल्या जुन्या धर्मावर आणि नवऱ्यावरच्या मायेवर लागत होता, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, पण धर्म बदलायला नव्हे. आपली चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे बघत, जातीपातीचा विचार करत, लक्ष्मीबाईंचं मन बदलत गेलं. जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या, असं एकदा मनाने घेतल्यावर त्यांनी सोवळं सोडलं. १९०० मध्ये, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत गेल्या असं कुणी म्हणू नये, इतका वेळ त्यांनी घेतला.

मैत्रिणींनो, हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. श्रद्धा दुसऱ्याने आणून दिली की दुसऱ्याच्या जाण्याबरोबर ती जाऊ शकते. लक्ष्मीबाईंनी ती स्वतः पारखून घेतली होती, म्हणून पुढे टिळक नसतानाही ती त्यांच्याजवळ राहिली. आणि परीक्षा तर लवकरच आली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ‘देवाचा दरबार’ नावाने, मराठी मातीतला, कुणालाही येता येईल असा ख्रिस्ती समाज त्यांना उभा करायचा होता. कल्पना थोर. पण उद्या पीठ कुठून आणायचं, हा प्रश्न बायकोच्याच पदरात! दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या.

आता विधवापण, वय झालेलं आणि गाठीला पैसा नाही. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं. काही वर्षं मुलाच्या नोकरीमुळे कराचीत काढली. मग पुन्हा नाशिक. आणि या सगळ्या धावपळीत, शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने काय करावं? टिळक ‘ख्रिस्तायन’ नावाचं ओवीबद्ध काव्य अर्धवट ठेवून गेले होते. त्यांचे दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढे साठाहून अधिक अध्याय लिहिले. ओवी त्यांना जात्यावरून ठाऊक होती. ख्रिस्ताची कथा त्यांनी त्याच ओवीत सांगितली. शिवाय ‘स्मृतिचित्रे’. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या, तोवर मराठीतलं एक अजोड आत्मचरित्र तयार झालं होतं. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी त्याचा नवा इंग्रजी अनुवाद केला.

या पुस्तकात रडण्यासारखे प्रसंग पानोपानी आहेत. पण आपण वाचतो ते हसत हसत. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या चुका लपवत नाहीत, स्वतःच्याही नाहीत. देवाचं नाव घेऊन त्या वाचकाला उपदेशही करत नाहीत. दुःखाला हसता येणं हीसुद्धा श्रद्धेची एक तऱ्हा आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. शेवटचा शब्द दुःखाचा नाही, अशी मनाला खात्री असल्याशिवाय असं हसता येत नाही.

क्षमा म्हणजे विसरणं नव्हे

ही सगळी जुन्या काळची माणसं झाली, असं कुणी म्हणेल. पण २२-२३ जानेवारी १९९९ ची रात्र आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप आणि टिमथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवून दिली. मागे राहिल्या ग्लॅडिस स्टेन्स आणि मुलगी एस्थर. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. त्या क्षमेचं जगभर कौतुक झालं. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची पुढची कृती. बारीपदाचं कुष्ठरोग्यांचं काम टाकून त्या लगेच मायदेशी निघून गेल्या नाहीत. २००४ पर्यंत त्या तिथेच राहून रोग्यांचं बघत राहिल्या. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आणि एक लक्षात घ्या. ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली, म्हणून कोर्टातला खटला थांबला नाही, थांबायलाही नको होता. मनातला द्वेष सोडणं वेगळं आणि गुन्ह्यावर पांघरूण घालणं वेगळं.

टिकवणं आणि सोसणं

हे मुद्दाम सांगते आहे, कारण घराघरांत याची गल्लत होते. नवरा मारतो? प्रार्थना कर. सासरी छळ होतो? हा तुझा क्रूस आहे, उचल. आजार अंगावर काढलास? देव बरं करील. बाईला असं सांगणारे लोक सगळ्या धर्मांत आहेत, ख्रिस्ती समाजातही आहेत. अशा वेळी रमाबाईंची आठवण काढावी. छळलेल्या बायकांना त्यांनी ‘सोस’ म्हणून परत पाठवलं नाही, राहायला छप्पर दिलं आणि हाताला काम दिलं.

कायदाही फार उशिरा का होईना, बदलला आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबरच क्रूरता किंवा टाकून देणं अशी आणखी एखादी गोष्ट सिद्ध करावी लागे. नुसता छळ हे तिच्यासाठी पुरेसं कारणच नव्हतं! २००१ मध्ये हा कायदा दुरुस्त झाला आणि नवरा-बायको दोघांना सारखी कारणं मिळाली. त्यासाठी ख्रिस्ती बायकांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तर सगळ्याच धर्मांच्या बायकांना लागू आहे. मदतीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत. फोन उचलल्याने श्रद्धा कमी होत नाही. प्रार्थना गुडघ्यांवर होते, तशी ती पोलीस चौकीच्या पायऱ्या चढतानाही होते. औषधाची गोळी घेतानाही होते.

मग श्रद्धेने नेमकं मिळतं तरी काय? दुष्काळ टळत नाही, गेलेलं माणूस परत येत नाही, शिष्यवृत्तीचा कागद बदलत नाही. या बायकांकडे पाहिलं तर मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, ऐकून घेणारं कुणीतरी आहे, म्हणून तक्रार करायची सोय. नामीने केली तशी. जिच्यावर विश्वास नाही, तिच्यापाशी आपण गाऱ्हाणं तरी कशाला सांगू? दुसरी, रोजचा नेम. सकाळची प्रार्थना, रविवारचं भजन, दुपारी जमणाऱ्या बायकांची संगत. मन कोरडं पडलेल्या दिवशीसुद्धा पाय त्या वाटेने जातात आणि कधीतरी मनही मागून येतं. टिळकांची मराठी भजनं आजही चर्चमध्ये गायली जातात. पेटी-तबल्यावर दहा जणींच्या गळ्यातून ती निघतात, तेव्हा अकरावी, जिच्या गळ्यातून आवाज फुटत नाही, तीही त्यात असते. तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याकडे वळलेला हात. आपल्या दुःखाचा उलगडा होत नाही, पण दुसरीचं थोडं हलकं करता येतं.

या तिन्ही गोष्टींवर कुणा एका धर्माची मालकी नाही. वारीला जाणारी, रोजा धरणारी, विहारात वंदना घेणारी बाईही हे ओळखेल. आपल्या शेजारची ख्रिस्ती बाई आपल्यापेक्षा वेगळं काही करत नाही. फक्त, तिला बरेचदा आपली श्रद्धा खरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो, जो आपल्याकडे कुणी मागत नाही. तो मागणं थांबवणं तर आपल्या हातात आहे ना? ‘तुम्ही कधी बाटलात?’ असं विचारण्याऐवजी ‘तुमच्या घरी हे कधीपासून?’ असं विचारून बघा. आजीपासूनची गोष्ट निघेल. तिच्यात दुष्काळ असेल, एखादी नर्सबाई असेल, पहिल्यांदा शाळेत गेलेली मुलगी असेल. कदाचित रडूही असेल.

आणि सध्या ज्यांचे स्वतःचे दिवस वाईट आहेत त्यांनी मोठ्या चमत्काराची वाट बघत बसू नये. एवढंच बघावं, की आजच्या दिवसापुरतं रानात काय उरलंय. एखादं कणीस, एखादी शेंग, फोन करणारी एक मैत्रीण, अर्धं राहिलेलं शिवण. रूथ रोज तेवढंच गोळा करून संध्याकाळी घरी आणायची. आणि त्यातलं निम्मं सासूच्या ताटात वाढायची.